टिंबाने गिळलेले गुंठे

तुमच्या घरी शेती असेल तर आज संध्याकाळी आजोबांना एक प्रश्न विचारा : “आपल्या भाताचे खाचर केवढे आहे?” शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कोणत्याही गावात उत्तर बहुधा हेक्टरमध्ये येणार नाही. “दीड एकर असेल,” किंवा “तीस गुंठे,” असे आजोबा म्हणतील. आता त्यांना ते कागदावर लिहायला सांगा. दीड एकराचा आकडा ते असा लिहितील : १.२०. म्हणजे १ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर, तेव्हा २० गुंठे म्हणजे अर्धा एकर. हिशेब अगदी बरोबर आहे.

हाच कागद तुम्ही संगणकाला दिलात तर? संगणक १.२० म्हणजे एक पूर्णांक वीस शतांश असे वाचील. त्याच्या लेखी जमीन झाली सव्वा एकराहूनही थोडी कमी. बाकीचे १२ गुंठे गेले कुठे? ते त्या टिंबाने गिळले!

हे टिंब आणि त्याने केलेली गडबड संगणकावर कशी दुरुस्त करायची, तीही एकाच ठिकाणी लिहिलेल्या एकाच नियमाने, ते आज पाहू.

समजा, तुमच्या शाळेने गावातल्या घरांची पाहणी करायची ठरवली. प्रत्येक घराची एक ओळ आणि प्रत्येक पिकाचा एक रकाना, असा तक्ता तुम्ही आखला. आपल्याकडे पावसाळ्यात खाचरात भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी. शिवाय काहींचे गवताचे माळही असतात. तक्त्याच्या पहिल्या तीन ओळी अशा आल्या (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत) :

पहिले घर : भात १.२०, नागली ०.१५, वरी ०.१०, गवत ०.३५
दुसरे घर : भात ०.३०, नागली ०.०५, वरी नाही, गवत नाही
तिसरे घर : भात ४.००, नागली नाही, वरी नाही, गवत २.००

आता पहिल्या घराची एकूण जमीन काढा. सगळ्याचे गुंठे केले तर ६० अधिक १५ अधिक १० अधिक ३५, एकूण १२० गुंठे, म्हणजे बरोबर ३ एकर. पण आकडे जसेच्या तसे संगणकावर मिळवले तर बेरीज येते १.८०. दुसऱ्या घराची खरी जमीन ३५ गुंठे, म्हणजे पाऊण एकराहून थोडी जास्त. संगणक म्हणतो ०.३५ एकर, म्हणजे १४ गुंठे! तिसऱ्या घराचे मात्र काहीच बिघडत नाही. सहा एकर ते सहा एकरच.

येथे क्षणभर थांबा. या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. तुम्ही म्हणाल, “पाहणीत थोडीफार चूक व्हायचीच. एका घराचे कमी झाले, दुसऱ्याचे जास्त झाले, शेवटी सरासरीत सगळे जुळून येते.” टेपने मोजताना झालेल्या चुकांच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे आहे. तेथे चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. टिंबाची चूक मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. गुंठ्यांना ४० ने भागायचे सोडून आपण नकळत १०० ने भागतो, त्यामुळे उत्तर दर वेळी कमीच येते, जास्त कधीच येत नाही. दांडी मारणाऱ्या वाण्याच्या तराजूसारखेच हे आहे. त्याच्याकडे हजार वेळा वजन केले तरी सरासरी खरी निघणार नाही. संख्याशास्त्रात अशा एकतर्फी चुकीला अभिनती म्हणतात. घरे वाढवली तरी ती पुसली जात नाही.

आणि ती झुकते तरी कोणावर? ज्याची जमीन पूर्ण एकरांत आहे, त्याला धक्काही लागत नाही. ज्याची जमीन एकराच्या आत आहे, त्याचे सगळेच गुंठे टिंबाच्या उजवीकडे असतात. ४० ने भागण्याऐवजी १०० ने भागल्यावर त्याच्या नावावर रुपयातले ४० पैसेच उरतात. ६० टक्के जमीन कागदावरून नाहीशी! म्हणजे ही चूक नेमकी लहान शेतकऱ्याच्या वाट्याला येते. बियाण्याची गरज, नुकसानीची पाहणी किंवा वनहक्काच्या दाव्यातले क्षेत्र, असे काहीही अशा तक्त्यावरून ठरवायचे असेल, तर हे गमतीचे राहत नाही.

मग दुरुस्ती कशी करायची?

पहिला मार्ग सर्वांना सुचतो. भाताच्या रकान्यासाठी एक सूत्र लिहायचे : टिंबाच्या डावीकडचा आकडा घ्या, उजवीकडच्या आकड्याला ४० ने भागा, दोन्ही मिळवा. मग तेच सूत्र उतरवून नागलीसाठी, पुन्हा उतरवून वरीसाठी, पुन्हा गवतासाठी. चार रकाने, चार सूत्रे. यात धोका असा, की उतरवताना दर वेळी रकान्याचे नाव बदलावे लागते आणि एखादे हमखास राहून जाते. माझ्या हातून हे घडले आहे. नागलीचे सूत्र वरीसाठी उतरवले आणि आतले “नागली” हे नाव बदलायचे विसरलो. वरीच्या रकान्यात नागलीचेच आकडे आले. आकडे दिसायला ठीकठाक होते, म्हणून दोन दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही. संगणकाने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने मी सांगितले तेच त्याने केले होते.

दुसरा मार्ग भातगिरणीचा. गावात गिरणी एकच असते. गिरणीवाला प्रत्येक घरासाठी वेगळी गिरणी बांधत नाही. आज तुमचे भात, उद्या शेजाऱ्याचे, यंत्र तेच. संगणकाच्या भाषेत अशा गिरणीला फंक्शन म्हणतात. गणितात आपण त्यालाच फल म्हणतो. नियम एकदाच लिहायचा, त्याला एक नाव द्यायचे आणि मग जो रकाना पुढे येईल त्यावर तो चालवायचा. आपल्या नियमाला आपण “एकरात” हे नाव देऊ.

संख्याशास्त्राच्या कामासाठी मुद्दाम केलेल्या संगणकभाषा आहेत. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची भाषा सुरू केली. पुढे १९९० नंतरच्या काही वर्षांत न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्याच धर्तीवर ‘आर’ ही भाषा तयार केली. दोघांच्याही नावाचे पहिले अक्षर तेच! ती कोणालाही फुकट मिळते आणि आज जगभर वापरली जाते. (सातबाऱ्यावरचा ‘आर’, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, तो वेगळा. घोटाळा नको म्हणून आपण येथे ‘आर भाषा’ असेच म्हणू.)

या भाषेत तक्ता म्हणजे सारख्या लांबीच्या रकान्यांची जुडी असते. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. आपण माणसे तक्ता ओळीने वाचतो : हे घर, मग ते घर. आर भाषा तो रकान्याने धरते. “एकरात” या फंक्शनला भाताचा रकाना दिला की वरपासून खालपर्यंत सर्व घरांचे भाताचे आकडे एका दमात बदलून मिळतात. घर एक, घर दोन असे मोजत बसावे लागत नाही. आणि जुडीतल्या प्रत्येक रकान्यावर तेच फंक्शन चालवायचे असेल तर त्यासाठीही एक तयार आज्ञा आहे. तिचे जुने नाव एल-अप्लाय. २०२० साली ‘डीप्लायर’ या संचात आणखी सोपी आज्ञा आली, तिचे नाव अक्रॉस. तिचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा : “भातापासून गवतापर्यंतच्या सर्व रकान्यांवर ‘एकरात’ चालव.” एवढे एक वाक्य पुरते. रकाने चार असोत की चाळीस, वाक्याची लांबी वाढत नाही. नियमात चूक आढळली तर ती एकाच जागी सुधारायची. सगळे रकाने आपोआप सुधारतात.

आता या गिरणीला आणखी एक सोय करू. पिठाच्या चक्कीवर दळण जाड हवे की बारीक, ते फिरवून ठरवता येते. आपल्या फंक्शनलाही तशी एक कळ ठेवू. तिला “पाया” म्हणू. एकर-गुंठ्यांसाठी पाया ४०. पण ४० हा आकडा नियमात कायमचा कोरून न ठेवता बाहेरून देण्याची सोय केली, तर तेच फंक्शन किती ठिकाणी उपयोगी पडते पाहा. क्रिकेटच्या धावफलकावर ४.३ षटके म्हणजे ४ षटके ३ चेंडू. तेथे पाया ६. एका गोलंदाजाची ४.३ आणि दुसऱ्याची ३.४ षटके मिळून ७.७ होत नाहीत, ८.१ होतात. तास-मिनिटांचा पाया ६०. जुन्या वह्यांतल्या रुपये-आण्यांचा पाया १६. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचा पाया १०० झाला. म्हणूनच आज ५.५० रुपये लिहिताना आपल्याला काही विचार करावा लागत नाही. तेथे टिंब खरोखरच दशांशचिन्ह आहे. १०० आरांचा एक हेक्टर, त्यामुळे हेक्टर-आरांनाही हाच फायदा मिळतो. दशमान पद्धत सोपी का, याचे कारण तुम्हांला येथे हातात सापडले. फंक्शन एकच, कळ तेवढी फिरवायची. आता “एकरात” हे नाव त्याला अपुरे पडेल; वाटल्यास दुसरे ठेवा.

एकरांचे हेक्टर करायचे ते या नियमाच्या शेवटी गुणाकार जोडून. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. पहिल्या घराचे ३ एकर म्हणजे सुमारे १.२१ हेक्टर. टिंबाच्या चुकीने ते ०.७३ आले असते.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल, नियम लिहिला की काम संपले. तसे नाही. मूळ माहिती कशी आली आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि येथे काही खड्डे आहेत.

पहिला खड्डा शून्याचा. तुम्ही १.२० टंकलिखित केले आणि संगणकाने ते संख्या म्हणून स्वीकारले, की शेवटचे शून्य निरर्थक समजून तो ते उडवतो आणि १.२ ठेवतो. आता आपले फंक्शन उजवीकडे नुसता २ पाहते आणि १ एकर २ गुंठे असा अर्थ लावते. पुन्हा १८ गुंठे गेले! म्हणून हा रकाना भरण्यापूर्वीच तो संख्येचा नव्हे, अक्षरांचा आहे असे संगणकाला सांगून ठेवावे लागते. त्याहून उत्तम उपाय म्हणजे एकर आणि गुंठे यांसाठी वेगवेगळे रकाने आखणे. माझे मत विचाराल तर शाळेच्या पाहणीत हेच करावे. टिंबच नसले की त्याची भीतीही नाही.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. पाहणीला गेलेल्या पाच मुलांपैकी चौघांनी गुंठ्यांच्या रीतीने लिहिले आणि एकाने दशांशात. त्याने पाऊण एकर ०.७५ असा लिहिला. हे पकडता येते : गुंठे ४० किंवा त्याहून जास्त असूच शकत नाहीत, तेव्हा ७५ दिसताच फंक्शनने थांबून ओरडावे, अशी तपासणी त्यात घालता येते. एकदा घातली की सर्व रकान्यांना ती मिळते, हाही त्या एका नियमाचाच फायदा. पण त्याच मुलाने पाव एकर ०.२५ असा लिहिला असेल तर? ते २५ गुंठेही असू शकतात आणि १० गुंठेही. जगातला कोणताही संगणक हे सांगू शकणार नाही. त्या घरी पुन्हा जाऊन विचारणे एवढाच उपाय.

तिसरा खड्डा निष्काळजीपणाचा. “ज्या रकान्यांत आकडे आहेत त्या सर्वांवर नियम चालव,” असे सांगण्याचा मोह होतो. पण घर क्रमांक हाही आकडाच! मग घर क्रमांक १२ चे ४.८६ हेक्टर होतात. म्हणून रकाने नावाने सांगावेत. आणि उत्तरे मूळ रकान्यांवर न लिहिता “भात हेक्टर”, “नागली हेक्टर” अशा नव्या रकान्यांत ठेवावीत. तांदूळ दोनदा पाखडले तर काही बिघडत नाही, पण सडलेले तांदूळ पुन्हा सडले तर कणी होते. एकरांचे हेक्टर करण्याचा नियम सडण्यासारखा आहे. चुकून दोनदा चालला तर आकड्यांची कणी झालीच. मूळ रकाना शाबूत असेल तर निदान पुन्हा सुरुवात करता येते.

रिकाम्या जागेबद्दलही एक शब्द. “वरी नाही” आणि “वरीची माहिती मिळाली नाही” या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी शून्य लिहा, दुसरीसाठी जागा रिकामी ठेवा. आर भाषा रिकाम्या जागेची बेरीज करायला सांगितल्यास उत्तरही “माहीत नाही” असेच देते. सुरुवातीला याचा राग येतो, पण तिचे म्हणणे बरोबर असते.

एक नियम एकदा ठरवून सगळ्या तक्त्याला लावायचा, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. तुमच्या गावची जमीन मोजली गेली तीच या रीतीने. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० ने गुणून पाहा, एकर मिळतो : ४३,५६० चौरस फूट. जमिनीचा कस ठरवण्याचीही अशीच रीत होती. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी दख्खनमधील मोजणीसाठी नियम एकत्र करून मांडले. मातीचा प्रकार पाहायचा, खोली हाताने मोजायची, वाळू, उतार असे दोष मोजायचे, दर दोषाला एक वर्ग खाली उतरायचे. अशा ९ वर्गांपैकी सर्वोत्तम जमीन १६ आणे, सर्वांत निकृष्ट २ आणे. कारकून हा तक्ता समोर ठेवून शेतामागून शेत त्याच नियमाने भरत जाई. आपण ज्याला फंक्शन म्हटले ते कागदावर होते, एवढाच फरक.

पण त्याआधीची हकिकत अधिक बोलकी आहे. १८३० च्या सुमारास पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याच्या नियमाने सारा बसवला गेला होता. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के, असा तो नियम. ऐकायला किती नेटका! पण तो खर्च आणि ते उत्पन्न ठरवण्याचा हिशेब फार गुंतागुंतीचा होता आणि मुळात गोळा केलेली माहिती भरवशाची नव्हती. नियम मात्र सगळीकडे सारखाच चालला, म्हणून चूकही सगळीकडे पोहोचली. इंदापूर तालुक्यात सारा न झेपल्याने कित्येक शेते पडीक पडली आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना तेथली मोजणी नव्याने करावी लागली.

म्हणून आपले फंक्शन सगळ्या तक्त्यावर चालवण्यापूर्वी चार-पाच अशा आकड्यांवर चालवून पाहा, ज्यांची उत्तरे तुम्हांला हाताने येतात. १.२० दिल्यावर १.५ आले पाहिजे. ०.३० दिल्यावर ०.७५. २.०५ दिल्यावर २.१२५. ४.०० चे ४. आणि ०.७५ दिल्यावर उत्तर न येता तक्रार आली पाहिजे. यातले एकही चुकले तर पुढे जाऊ नका.

जाता जाता वर्गात करून पाहण्यासारखे एक काम. शाळेत मुलांची उंची फूट-इंचांत लिहिलेली वही असेल तर ती घ्या. तीत कोठे ५.१ असेल आणि कोठे ५.१०. पहिला मुलगा ५ फूट १ इंच, म्हणजे सुमारे १५५ सेंटिमीटर. दुसरा ५ फूट १० इंच, म्हणजे जवळजवळ १७८ सेंटिमीटर. संगणकाला मात्र दोघे एकाच उंचीचे वाटतात. आपल्या फंक्शनची “पाया” ही कळ येथे कितीवर ठेवाल? तपासणीत कोणता आकडा दिसताच त्याने ओरडावे? आणि वहीत ५.५ असे लिहिले असेल, तर ते साडेपाच फूट की ५ फूट ५ इंच, हे कसे ठरवाल? सुदैवाने ही मुले तुमच्याच वर्गात आहेत. भिंतीशी उभे करून मोजता येईल.